दिवस ३६६: झ्यून गोठवणारं फंक्शन आणि त्याच्या टेस्ट

३१ डिसेंबर २००८ रोजी अमेरिकेत मायक्रोसॉफ्टचे ३० जीबीचे झ्यून प्लेयर एकापाठोपाठ एक गोठायला लागले. चालू करताना दिसणारी पट्टी शेवटपर्यंत भरायची आणि पडदा तिथेच थांबायचा. बटणं दाबून काही होत नव्हतं. ८० किंवा १२० जीबीचे नवे झ्यून मात्र व्यवस्थित गाणी वाजवत होते. नोव्हेंबर २००६ मध्ये विक्रीला आलेलं पहिलं मॉडेल तेवढं अडकलं, आणि ज्याचं अडकलं त्याचं त्याच दिवशी.

मायक्रोसॉफ्टने कारण आणि उपाय दोन्ही लगेच जाहीर केले. आतल्या घड्याळाच्या ड्रायव्हरला, म्हणजे घड्याळाची चिप हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरला, लीप वर्ष नीट हाताळता येत नाही, हे कारण. उपाय असा, की बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि १ जानेवारीला ग्रीनिच वेळेनुसार दुपारचे बारा वाजून गेले की चार्जिंगला लावा. ‘उद्यापर्यंत थांबा, आपोआप बरं होईल’ हे ऐकायला टाळाटाळ वाटतं. पण कोड पाहिला की कळतं, सल्ला अगदी चोख होता.

झ्यून ३० मधलं घड्याळ फ्रीस्केल कंपनीच्या एमसी१३७८३ या चिपमध्ये होतं. वीजपुरवठा सांभाळणं हे तिचं मुख्य काम, घड्याळ हा जोडधंदा. तिच्याकडून ड्रायव्हरला मिळते ती फक्त मोजणी: १ जानेवारी १९८० हा पहिला दिवस धरला तर आजचा दिवस कितवा. त्या आकड्यावरून वर्ष, महिना आणि तारीख काढायचं काम ‘कन्व्हर्टडेज’ नावाच्या छोट्याशा फंक्शनकडे. या ड्रायव्हरचा सोर्स कोड इंटरनेटवर होता, त्यामुळे बाहेरच्या प्रोग्रामरांनीच नेमक्या ओळीवर बोट ठेवलं. वर्ष काढणारा भाग मराठीत उतरवला तर असा होतो:

वर्ष = १९८०
जोवर दिवस > ३६५:
    जर वर्ष लीप असेल:
        जर दिवस > ३६६:
            दिवस = दिवस − ३६६
            वर्ष = वर्ष + १
    नाहीतर:
        दिवस = दिवस − ३६५
        वर्ष = वर्ष + १

लीप वर्ष ओळखायचं फंक्शन वेगळं आहे आणि त्यात काही चूक नाही. ४ ने भाग जायला हवा, १०० ने गेला तर चालणार नाही, ४०० ने गेला तर पुन्हा चालेल. सगळं जागच्या जागी. मुलाखतीत हमखास विचारतात तो प्रश्न इथे बरोबर सुटलेला आहे. घोडं पेंड खातं ते त्या उत्तराचा वापर करणाऱ्या लूपमध्ये, म्हणजे ‘जोवर’ने सुरू होऊन पुन्हापुन्हा चालणाऱ्या भागात.

३१ डिसेंबर २००८ साठी आकडा येतो १०,५९३. १९८० ते २००७ या २८ वर्षांत ७ लीप वर्षं, म्हणजे एकूण १०,२२७ दिवस. ते वजा करत करत लूप २००८ ला पोचतो तेव्हा हातात उरतात ३६६. हा आकडा ३६५ पेक्षा मोठा, म्हणून लूप चालू. २००८ लीप, म्हणून पहिल्या फांदीत शिरलो. ३६६ हे ३६६ पेक्षा मोठे आहेत का? नाहीत. मग काही वजा होत नाही, वर्षही वाढत नाही, लूप परत वर. तेच ३६६, तेच २००८, आणि बॅटरी असेपर्यंत तेच.

दुसऱ्या दिवशी आकडा १०,५९४ होतो. आता २००८ मध्ये ३६७ उरतात, त्यातून ३६६ गेले की हातात १, म्हणजे १ जानेवारी २००९. फंक्शन सुखरूप बाहेर. लूपमध्ये अडकलेला प्रोसेसर थांबवायला बॅटरी संपवणं भाग होतं, आणि तारीख पुढे सरकल्याशिवाय पुन्हा चालू करून उपयोग नव्हता. उपायातले दोन्ही भाग इथून आले.

हे घडवून आणायला दहा हजारांचा आकडाही लागत नाही. नुसते ३६६ दिले, म्हणजे ३१ डिसेंबर १९८०, तरी फंक्शन अडकतं. पहिल्याच वर्षाचा शेवटचा दिवस! प्लेयर बाजारात आला तोवर २००४ सरून गेलं होतं, म्हणून हा दोष गिऱ्हाइकाच्या खिशात दोन वर्षं गुपचूप बसून राहिला.

टेस्टच्या बाजूने पाहिलं तर यापेक्षा सोपं फंक्शन मिळणं अवघड. एक पूर्णांक आत जातो, तारीख बाहेर येते. नेटवर्क नाही, डेटाबेस नाही, जागतिक चल (ग्लोबल व्हेरिएबल) नाहीत. ‘ड्रायव्हर आहे, यंत्रावरच तपासावा लागतो’ ही सबब इथे चालत नाही, कारण चिपमधून आकडा वाचणं आणि आकड्याची तारीख करणं ही दोन कामं मुळातच वेगळी ठेवलेली आहेत. दुसरं काम कुणाच्याही लॅपटॉपवर कंपाइल होईल. रचना चांगली होती. तिचा फायदा घ्यायला हवा होता.

आता समजा, कुणी एक टेस्ट लिहिली: ८०० दिले तर १० मार्च १९८२ आलं पाहिजे. लूप १९८० चे ३६६ वजा करतो, उरले ४३४. १९८१ चे ३६५ वजा करतो, उरले ६९. जानेवारीचे ३१ आणि फेब्रुवारीचे २८ गेले, राहिले १०. उत्तर बरोबर. आता कव्हरेजचा, म्हणजे टेस्ट चालताना कोडचा किती भाग चालला याचा, अहवाल काढा. वर दिलेल्या कोडमधली प्रत्येक ओळ किमान एकदा चाललेली आहे. एका टेस्टमध्ये शंभर टक्के! मॅनेजरला दाखवायला सुंदर हिरवा पट्टा, आणि दोष जिथल्या तिथे.

ओळींचं कव्हरेज इथे का फसतं ते पाहण्यासारखं आहे. ‘जर दिवस > ३६६’ या अटीला ‘नाहीतर’ लिहिलेलंच नाही. जी ओळ लिहिलेली नाही ती चालली की नाही हे कुठलं साधन सांगणार? ब्रँच कव्हरेज मात्र सांगतं. ते प्रत्येक अटीची दोन्ही उत्तरं येऊन गेली का ते बघतं, आणि या अटीचं ‘नाही’ हे उत्तर कधीच आलं नाही म्हणून तिथे खूण करतं. आता ते ‘नाही’ आणायचं तर कोणता आकडा द्यायचा? लूपमध्ये आहोत म्हणजे दिवस ३६५ पेक्षा जास्त. अट खोटी म्हणजे दिवस ३६६ किंवा त्याहून कमी. दोन्ही पाळणारा आकडा एकच. म्हणजे ती खूण पुसायला बसलेला माणूस थेट दोषावर जाऊन आदळला असता. पायथनच्या कव्हरेजमध्ये किंवा सी साठीच्या जीकोव्हमध्ये हा पर्याय मुद्दाम चालू करावा लागतो, आणि माझ्या पाहण्यातले निम्मेअधिक प्रकल्प तो करत नाहीत.

पण साधनावर विसंबायचीही गरज नव्हती. फंक्शनमध्ये ३६५ आणि ३६६ हे दोन आकडे उघड लिहिलेले आहेत. ज्या आकड्याशी तुलना होते तो, त्याच्या एक अलीकडचा आणि एक पलीकडचा, एवढे द्यायचे ही टेस्टरांची जुनी रीत. इथे माझी यादी अशी झाली असती: १ म्हणजे १ जानेवारी १९८०, ३६५ म्हणजे ३० डिसेंबर, ३६६ म्हणजे ३१ डिसेंबर, ३६७ म्हणजे १ जानेवारी १९८१. ही लीप वर्षाची कड. मग साध्या वर्षाची: ७३१ म्हणजे ३१ डिसेंबर १९८१ आणि ७३२ म्हणजे १ जानेवारी १९८२. शतकाच्या नियमासाठी ७,६७१, म्हणजे ३१ डिसेंबर २०००. सातच ओळी, आणि तिसऱ्या ओळीवर खेळ थांबतो.

७३१ कशाला, ते सांगतो. समजा दुरुस्ती म्हणून आपण आतल्या अटीला ‘नाहीतर लूपमधून बाहेर पड’ जोडलं. ते बरोबर आहे. आता गंमत म्हणून वरची अट ‘दिवस > ३६५’ ऐवजी ‘दिवस >= ३६५’ करून पाहा. ३६५ ची टेस्ट तरीही पास होते, कारण १९८० लीप आहे आणि नवी पळवाट तिला वाचवते. चूक पकडली जाते ती ७३१ ला: १९८१ चे ३६५ वजा होऊन हातात शून्य उरतं आणि वर्ष १९८२ होतं. कोड मुद्दाम बिघडवायचा आणि टेस्ट ओरडते का ते बघायचं, याला म्यूटेशन टेस्टिंग म्हणतात. जावासाठी पिट, पायथनसाठी म्यूटमट, जावास्क्रिप्टसाठी स्ट्रायकर ही साधनं ते आपोआप करतात. दहा ओळींच्या फंक्शनला साधन लागत नाही; चिन्हं हाताने बदलून पाच मिनिटांत होतं. टेस्ट उपयोगी आहे की शोभेची, हे ठरवायला याच्याइतकी स्वस्त कसोटी मला माहीत नाही.

चुकीच्या दुरुस्तीबद्दलही बोलायला हवं, कारण ती पटकन सुचते. गोठण्याचं कारण ‘३६६ > ३६६’ खोटं ठरणं, मग ‘> ’ चं ‘>=’ करून टाकू! लूप सुटतो. प्लेयर चालू होतो. आणि ३१ डिसेंबरला तारीख येते ० जानेवारी १९८१. ‘फंक्शन अडकत नाही’ एवढंच तपासणारी टेस्ट इथे पास होते. ‘वर्ष १९८० पेक्षा मोठं किंवा तेवढंच आहे’ हे तपासणारीही होते. ‘उत्तर रिकामं नाही’ ही तर होतेच, ती कधी नापास झालेली मी पाहिलेली नाही. दोष सापडल्यावर जी टेस्ट लिहायची तिच्यात पूर्ण उत्तर असलं पाहिजे: ३६६ दिले की ३१ डिसेंबर १९८०, दिवस, महिना आणि वर्ष तिन्ही. ती आधी जुन्या कोडवर चालवायची, नापास होताना डोळ्यांनी बघायची आणि मगच कोडला हात लावायचा.

माझ्या मते खरी दुरुस्ती दोन ओळी कमी करणारी आहे. ‘या वर्षाचे दिवस’ सांगणारं छोटं फंक्शन करा आणि लूप असा लिहा: जोवर दिवस त्या वर्षाच्या दिवसांपेक्षा जास्त आहेत तोवर तेवढे वजा करा आणि वर्ष वाढवा. आतली अटच गेली, म्हणजे न लिहिलेली फांदीही गेली.

टेस्टमधलं अपेक्षित उत्तर कुठून आणायचं, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. फंक्शन चालवून जे आलं ते टेस्टमध्ये चिकटवायचं, ही पद्धत सर्रास दिसते. तिने फक्त ‘कालच्यासारखं आहे’ एवढं सिद्ध होतं. दुसरी खोड म्हणजे फंक्शनमधलाच लूप टेस्टमध्ये पुन्हा लिहायचा. इथे तसं केलं असतं तर दोन्ही लूप जोडीने अडकले असते. उत्तर बाहेरून आलं पाहिजे: कॅलेंडरवरून, नाहीतर दुसऱ्या कुणी लिहिलेल्या आणि वर्षानुवर्षं घासून निघालेल्या लायब्ररीतून. पायथनची डेटटाइम लायब्ररी घ्यायची, ३१ डिसेंबर १९७९ मध्ये हवे तेवढे दिवस मिळवायचे, उत्तर तयार.

आणि लायब्ररी हाताशी असेल तर निवडक आकड्यांवर तरी का थांबायचं? १९८० ते २०७९ या शंभर वर्षांत ३६,५२५ दिवस आहेत. सगळेच्या सगळे तपासायला आजच्या लॅपटॉपला निमिषही पुरतं. छोट्या फंक्शनांची ही चैन आपण विसरतो. त्यांचं इनपुटचं जगच इतकं लहान असतं की नमुना काढायचं कारण नाही, सरसकट तपासणी करता येते. उलट यादृच्छिक आकड्यांवर भरवसा ठेवला तर हिशेब वाईट आहे. ३६,५२५ पैकी वाईट दिवस २५, म्हणजे १,४६१ त एक. शंभर आकडे उचलले तरी दोष सापडण्याची शक्यता सुमारे ७ टक्के.

लायब्ररी नसलेल्या वातावरणात, उदाहरणार्थ एखाद्या जुन्या एम्बेडेड सी कोडमध्ये, गुणधर्म तपासता येतात. सलग दोन आकड्यांची उत्तरं सलग दोन तारखा असली पाहिजेत. तारीख कधी शून्य नसावी. वर्षाचा ३६६ वा दिवस फक्त लीप वर्षात यावा. तारखेवरून परत आकडा करणारं फंक्शन असेल तर जाऊन परत यावं आणि तोच आकडा मिळावा. मात्र या जाण्यायेण्याच्या टेस्टवर एकटीवर विसंबू नये: दोन्ही फंक्शनांनी १ जानेवारीला शून्य मानलं तर जाणंयेणं बिनबोभाट होतं आणि प्रत्येक तारीख एका दिवसाने चुकते. म्हणून हाताने तपासलेले दोन-तीन खुंटे हवेतच.

या प्रकरणात एक व्यावहारिक अडचण आहे. दोषी फंक्शन चुकीचं उत्तर देत नाही, उत्तरच देत नाही. टेस्ट लाल होत नाही. नुसती फिरत राहते, आणि टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सीआय सर्व्हरवरचं काम ‘चालू आहे’ असं तासभर दाखवतं. गो भाषेत टेस्टला दहा मिनिटांची मर्यादा आधीपासून असते. पायथनच्या पायटेस्टमध्ये ती नसते, त्यासाठी वेगळा प्लगइन लावावा लागतो. जावास्क्रिप्टच्या जेस्टमध्ये पाच सेकंदांची मर्यादा आहे खरी, पण साध्या न संपणाऱ्या लूपपुढे तिचं काही चालत नाही. ती मोजणारा आणि लूप फिरवणारा धागा (थ्रेड) एकच. जावाच्या जेयुनिट ५ मधला साधा टाइमआउट काम संपेपर्यंत वाट बघतो आणि मग उशीर झाल्याचं सांगतो, इथे त्याचा काम मध्येच तोडणारा ‘प्रीएम्प्टिव्ह’ अवतार हवा. लूप असलेल्या अशा प्रत्येक छोट्या फंक्शनच्या टेस्टला मी एका सेकंदाची मर्यादा घालतो.

तारखांच्या टेस्टमध्ये आणखी दोन गोष्टी सारख्या दिसतात. एक म्हणजे ‘आज’ वापरणं. आजची तारीख काढायची, फंक्शनला द्यायची, उत्तर जुळतं का बघायचं. अशी टेस्ट या फंक्शनवर दोन वर्षं रोज पास झाली असती आणि नेमकी ३१ डिसेंबर २००८ ला, ग्राहकांच्या प्लेयरबरोबरच, अडकली असती. तेही ऑफिस सुट्टीवर असताना. दुसरं म्हणजे मॉकचा सोस. लीप वर्ष ओळखणारं फंक्शन वेगळं आहे म्हणून त्याच्या जागी नकली बसवायचं आणि ‘ते एकदा बोलावलं गेलं’ हे तपासायचं. असली टेस्ट वागणुकीबद्दल अवाक्षर काढत नाही, आणि दुरुस्तीत रचना बदलली की विनाकारण मोडते. शुद्ध हिशेब करणाऱ्या दोन फंक्शनांना एकत्रच तपासावं.

नावांबद्दल थोडंसं. ‘टेस्ट कन्व्हर्टडेज ३’ नापास झाली तर रात्री बघणाऱ्याला काही कळत नाही. ‘लीप वर्षाचा शेवटचा दिवस त्याच वर्षात राहतो’ नापास झाली तर कोड न उघडताही अर्धं कळतं. पायथन ३ मध्ये फंक्शनची नावं देवनागरीत चालतात, तेव्हा जागोजागी अधोरेषा घालून हे नाव जसंच्या तसं ठेवता येतं; फक्त पायटेस्टला टेस्ट सापडावी म्हणून सुरुवातीचा ठरलेला रोमन शब्द सोडू नये. टीममध्ये सगळे मराठी वाचणारे असतील तरच, हे ओघाने आलं.

झ्यूनच्या चुकीला एकच बरोबर उत्तर होतं. त्याच घराण्यातल्या दुसऱ्या चुकीला ते नव्हतं. २९ फेब्रुवारी २०१२ ला मायक्रोसॉफ्टचीच ॲझ्युर ही क्लाउड सेवा कोलमडली. प्रत्येक आभासी यंत्रातला (व्हर्च्युअल मशीनमधला) एक एजंट, म्हणजे छोटा प्रोग्राम, सुरू होताना वर्षभराचं डिजिटल प्रमाणपत्र बनवायचा, आणि मुदत काढताना आजच्या तारखेच्या वर्षात १ मिळवायचा. २९ फेब्रुवारी २०१३ अशी तारीख नाही, प्रमाणपत्र बनेना, एजंट बंद. यजमान सर्व्हर २५ मिनिटं वाट बघायचा, यंत्र पुन्हा सुरू करायचा, आणि असं तीनदा झालं की आपलं हार्डवेअरच बिघडलं असं समजून बाजूला व्हायचा. मग तिथली यंत्रं दुसऱ्या सर्व्हरवर जायची आणि तिथेही तेच घडायचं.

इथे टेस्ट लिहायला बसलं की पहिला प्रश्न कोडचा येत नाही. २९ फेब्रुवारीत एक वर्ष मिळवलं तर काय आलं पाहिजे? जावाची लोकलडेट २८ फेब्रुवारी देते. जावास्क्रिप्टमध्ये वर्ष बदललं तर १ मार्च येतो. पायथनमध्ये तारखेचं वर्ष बदलायला गेलं तर एरर येते. प्रमाणपत्राला २८ चालेल. ग्राहकाला ‘पूर्ण एक वर्ष’ कबूल केलं असेल तर कदाचित १ मार्च हवा. हे प्रोग्रामरने एकट्याने ठरवू नये. ज्याचं काम आहे त्याला विचारावं, आलेलं उत्तर टेस्टच्या नावात घालावं, आणि कोड एका भाषेतून दुसऱ्या भाषेत न्यायची वेळ आली तर सगळ्यात आधी ही टेस्ट न्यावी.